घरघंटीच्या लाइनवरचं कार्ड

डोंबिवली (पूर्व)
दसऱ्यानंतरचा रविवार

ती. मारुतीदादास,

धाकट्या सुदेशचा हात जोडून नमस्कार. शकूवहिनींनाही सांगावा.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहिण्याची पद्धत आहे, म्हणून लिहितो. खरं म्हणजे इकडे दिवसातून तीनदा वीज जाते, आणि ती फक्त आमच्याच घरातली. तुझी तब्येत कशी आहे? गोळ्या वेळेवर घेतोस ना? संध्याकाळी कोलशेतला खाडीच्या बाजूला फिरायला जातोस की गॅलरीतूनच खाडी बघतोस? फोनवर विचारलं की तू ‘बरं आहे’ एवढं म्हणून फोन वहिनींच्या हातात देतोस, म्हणून यावेळी पत्र. (पत्रही वहिनींच्या हातात देता येतं, पण मग त्या ते मोठ्याने वाचतील आणि तुला सगळं ऐकावं लागेल.) गेल्या वर्षीच्या गणपतीपासून तू डोंबिवलीला फिरकलेला नाहीस, तेव्हा मधे काय काय झालं ते सविस्तर सांगतो. लिहिताना मला वारंवार उठावं लागेल. त्याचं कारणही येतंच आहे.

कारण म्हणजे आतल्या खोलीतला संगणक. त्यात मी एक ग्राफिक्स कार्ड बसवलं आहे. कार्ड म्हटल्यावर तुझ्या डोळ्यांसमोर रेशनकार्ड येईल, तर तसं नाही. हे विटेहून मोठं असतं, वजनाला दोन किलोच्या आसपास, आणि त्याला स्वतःचे तीन पंखे असतात. (किंमत विचारू नकोस. मायाने विचारली तेव्हा मी तिला पंखे मोजून दाखवले.) मुलं हे गेम खेळायला घेतात. मी एका संशोधनासाठी घेतलं. आपल्या शरीरातली प्रथिनं कशी दुमडतात आणि कुठे चुकीची दुमडून दुखणं उभं करतात, याचं गणित इतकं अवाढव्य असतं की एका ठिकाणी ते होत नाही. म्हणून त्याचे लहान लहान तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरच्या संगणकांवर वाटून देतात. पापडाच्या लाट्या घरोघरी लाटायला देतात ना, अगदी तसंच. आपण आपला तुकडा सोडवायचा आणि मुदतीत परत पाठवायचा. मुदत चुकली की ते तो तुकडा दुसऱ्या कुणाला देतात, आणि मला ते फार लागतं. रंगाच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं, माल कधी उशिरा दिला नाही. आत्ता माझा तुकडा अडतीस टक्क्यांवर आहे. थांब, बघून येतो.

एक्केचाळीस. तर या कार्डाची भूक. जुन्या संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा होता साडेचारशे वॉटचा, आणि हे कार्ड एकटंच साडेचारशे मागतं. मला वाटलं, साडेचारशे आहे, साडेचारशे हवं आहे, बरोबर बसतंय की. (हसू नकोस. गाडीत दोन माणसांची जागा आणि माणसं तीन, हे मला कळायला हवं होतं. पंखे, डिस्क, बाकीचा संगणक हे सगळं उपाशी राहिलं.) चालू केल्यावर चार सेकंदांत सगळं गप्प. मग हजार वॉटचा डबा आणला. दुकानदार सांगत होता की हे कार्ड क्षणभरासाठी मधेच दुप्पट वीज ओढतं आणि परत साळसूद होतं, त्यामुळे डब्यात थोडी ऐसपैस जागा लागतेच. तो डबा बसवला आणि कार्ड सुरू झालं. खोलीत इतकं उकडायला लागलं की मायाने दोन दिवस पापड आतच वाळत घातले. तोवर आमचा संसार सुखाचा होता.

मग आली भाजणी. आमच्याकडची घरघंटी तुला माहीत आहेच, तूच तिच्यासाठी तो जाड पिनांचा प्लग बसवून दिला होतास. आता संगणकही मी त्याच लाइनवर घेतला आहे, कारण बाकीच्या वायरी बारीक आहेत हे तूच मला शिकवलंस. दिवाळी तोंडावर आली की माया अख्ख्या बिल्डिंगची चकलीची भाजणी दळून देते. पहिल्या मजल्यावरच्या सोनलताई भाजलेल्या डाळ-तांदळाचा डबा घेऊन आल्या, मायाने घंटी चालू केली, आणि त्याच क्षणाला बोर्डावरचा खटका खाली. कार्ड बंद, फ्रीज बंद, गीझर बंद, आणि घंटीच्या पोटात अर्धवट दळलेली भाजणी. खटका वर केला. घंटी आत धान्य अडकलेलं असताना सुरू व्हायला निघाली म्हणून आणखी जोर लावून ओढायला लागली, आणि खटका पुन्हा खाली. असं पाच वेळा. शेवटी घंटी उघडून चमच्याने भाजणी काढली. सोनलताई म्हणाल्या, “काका, तुम्ही आत काय चालवताय? वास पण येत नाही कसला.” त्यांना प्रथिनांचं सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या, भाजणीत डाळी आहेत तेवढ्या पुरे.

उठलो होतो. एकोणपन्नास टक्के.

यावर मी वेळापत्रक काढलं. सहा ते सात गीझर, नऊ ते अकरा घंटी, आणि उरलेला वेळ कार्ड. चार प्रती काढून एक जिन्यात लावली. आता बिल्डिंगमधल्या बायका घंटीच्या वेळेबद्दल मायाला विचारत नाहीत, मला विचारतात, तेही ‘तुमचं पोरगं झोपलंय का’ अशा आवाजात. पण वेळापत्रक माणसांसाठी असतं, फ्रीज ते वाचत नाही. तो मनाला येईल तेव्हा घुरघुरतो. परवा मी एक्क्याण्णव टक्क्यांवर होतो, मुदतीला तासच उरला होता. मायाची घंटी चालू होती (अकरा वाजून सात मिनिटं झाली होती, मी नुसतं सांगतोय) आणि फ्रीजने त्यात आपला आवाज मिसळला. खटका खाली. पुन्हा चालू केल्यावर गणित शेवटच्या नोंदीपर्यंत मागे गेलं, सत्त्याऐंशीवर. मुदत चुकली. तुकडा कुठल्या तरी परक्या माणसाकडे गेला. मी जेवलो नाही. मायाला वाटलं की पोट बिघडलं.

तेव्हा ठरवलं की संगणकाला मीटरपासून स्वतंत्र लाइन हवी, वेगळ्या खटक्याची. त्यासाठी वायरमन बोलावले. पहिला आला तो फारच तरुण, मिशी फुटायची होती. त्याला हात लावू दिला नाही. दुसरा दर वाक्याला काका म्हणत होता. “काका, हे पूर्ण तोडायला लागेल, काका, जुनं मटेरियल आहे.” त्याला चहा दिला आणि पाठवलं. तिसरा जरा बरा वाटला. त्याने बोर्डाचं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघत राहिला, आणि म्हणाला, “हे कोणी केलंय? एक वायर दुसरीवरून गेली नाहीये.” झाकणाच्या आतल्या बाजूला तू पेन्सिलीने लिहिलेलं त्याने वाचून दाखवलं, ‘स्वयंपाकघर’, ‘आतली खोली’, ‘बाहेरची खोली’. अठ्ठ्याण्णव साली लिहिलंस, अजून छापल्यासारखं दिसतं. मी सांगितलं, माझ्या भावाने. तो म्हणाला, मग त्यांनाच बोलवा की. उद्धट वाटला मला. त्यालाही पाठवलं. थोडक्यात, डोंबिवलीत धड वायरमन उरलेला नाही.

एवढंच लिहायचं होतं. बासष्ट टक्के झाले. वहिनींना नमस्कार, आणि गोळ्यांचं विसरू नकोस.

तुझा धाकटा भाऊ,
सुदेश

ता. क. — तुझा टेस्टर माझ्याकडेच राहिला आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या माळा लावताना तुझ्या हातातून पडला होता तो. तू उचलला नाहीस, चप्पल घालून निघालास. सगळे बघत होते म्हणून गेलास हे मला कळलं होतं, पण मी जिन्यापर्यंत आलो नाही, तेव्हा यायला हवं होतं. यंदा दसऱ्याला संगणकाची पूजा केली, तेव्हा टेस्टर शेजारी ठेवला आणि पहिलं झेंडूचं फूल त्याला वाहिलं.

ता. क. २ — कुठलं दुखणं ते लिहायचं राहिलं. त्या संशोधनात आपल्याला आपला आजार निवडता येतो. मी कंपवात निवडला. एका कार्डाने तुझ्या हाताचा कंप थांबणार नाही, एवढं मला कळतं. पण नुसतं बसवत नाही रे.

ता. क. ३ — तर विनंती अशी. ती नवी लाइन तू टाकून दे. हात माझे वापर, तू खुर्चीवर बसून सांग, मी चुकलो की लहानपणी घालायचास तशा शिव्या घाल. घरात बाहेरचं कुणी नसेल. झाकणावर ‘संगणक’ एवढं मात्र तूच लिही, जसं येईल तसं.

ता. क. ४ — मारुतीदादा, मी माया. पाकीट चिकटवायला दिलं म्हणून वाचलं. तीन वायरमन आलेले नाहीत. एकच प्रेम नावाचा मुलगा तीनदा आला, कामाला चांगला आहे, आणि पहिल्याच दिवशी अर्ध्या तासात लाइन टाकून देणार होता. हे पत्र लिहिताना ते सात-आठदा उठले ते खरं, पण संगणकाकडे तीनदाच गेले. बाकीच्या वेळी बोर्डाचं झाकण उघडून नुसते उभे होते. सोनलची भाजणी दळायची ठेवली आहे. तुम्ही आल्यावर घंटी लावेन.