उजवा गाल

१२ जाने. १९३४
दोन दाढा गेल्या. दोन्ही निरोगी निघाल्या, कीड नव्हतीच. दंतवैद्य म्हणत होता, "बाई, घाई नको." मीच दरडावलं, "दाढच आहे, काढा." आणि तीस वर्षं शाळेत मुलींना शिकवलं, आधी तपासा, मग बोला. कळ तशीच. तोंड धुताना, घास चावताना, नुसता वारा लागला तरी. उजव्या गालातून थेट डोळ्यापर्यंत.

१५ जाने.
काल संक्रांतीला करमाळ्याहून अक्का आली. नेहमीप्रमाणे दारातच दोन्ही गालांवरून हात फिरवून बोटं मोडायला गेली. मी किंचाळले, हात झिडकारला. तिळगुळाची वाटी उडाली.
"अगं, दृष्टच काढत होते की!"
सत्तरीची बहीण. आईमागे तिनेच मला… माफी मागायलाही तोंड उघडवेना.

१९ जाने.
अक्काचा मुलगा बापू, डॉक्टर, म्हणतो दाढ नव्हेच, मज्जातंतू. त्यात अल्कोहोलचं इंजे. देतात. "मावशी, कळ जाईल, पण स्पर्शही जाईल."
"जाऊ दे."
अक्का: "मावशीला दारू टोचतोस होय रे? निदान विलायती तरी बघ."
हसले. हसण्याची शिक्षा लगेच.

२७ जाने.
काल सर्जननी टोचलं. ओरडायचं नाही असं ठरवलं होतं. ओरडले. आज कडक भाकरी कुरकुर खाल्ली, कित्येक महिन्यांनी. अक्का एकदम, "अगं, रक्त!" गाल आतून चावला होता. मला पत्ता नाही.

२८ जाने.
अक्काने विचारून, भीत भीत गालांवरून हात फिरवला. डावीकडे कळला. उजवीकडचा आरशात दिसला.
"दुखलं का गं?"
"नाही."
खोटं काही बोलले नाही.

३ ऑक्टो.
अक्का पुन्हा आली आहे. बापू म्हणतो, इंजे. उतरलं की आधी स्पर्श परत येणार, मागोमाग कळ. मुंबईत एक सर्जन मज्जातंतूचं मूळच कापतात. मग कळही कायमची जाते, स्पर्शही. "पण डोळ्यालाही काही जाणवत नाही, मावशी. कचरा गेला तरी. काहींचा डोळा गेलाय. करायचं का, तू सांग." जमिनीकडे बघत बोलत होता.
"आणि हे तू मला विचारतोस? मी दिवसभर दुसरं काय करते, वाचण्याशिवाय?"
"तुलाच विचारायला हवं ना."
मुंबईला पत्र लिहिलं. होकाराचं. दौतीखाली ठेवलंय.

९ ऑक्टो.
सकाळी तोंड धुताना पाणी गार लागलं. उजव्या गालाला.
अक्का पंचा घेऊन मागे उभी. म्हटलं, "दृष्ट काढ."
"आज काय विशेष?"
"काढ म्हणते ना. आजच काढ."
तिची बोटं खरबरीत आहेत. विसरले होते.
पत्र अजून दौतीखालीच.