हलगी थांबली की हात सोडायचा

मित्रवर्य महंमद हनीफ पहिलवान यांस,

बाजीरावचा सलाम. तुझा गुडघा कसा आहे? अनवरीभाभींचा दमा या थंडीत तरी आटोक्यात असावा. इकडे आम्ही सगळे जिवंत आहोत. ठीक आहोत असं लिहायला हात धजत नाही.

यंदा आमच्या जत्रेतल्या कुस्त्यांना तू आला नाहीस, बरं झालं. आखाड्याचा आता 'अरीना' झालाय. पुण्याच्या एका कंपनीने जत्रा कमिटीला गाठलं ('तुमची कुस्ती जगाला दाखवू' म्हणाले, जग आपल्याकडे कधी चौकशीला आलं होतं, देव जाणे) आणि सगळा कारभार स्वतःकडे घेतला. कमिटीचं 'सल्लागार मंडळ' केलं, म्हणजे बसायला सोफा दिला आणि सल्ला विचारायचं बंद केलं. तांबड्या मातीवर निळी गादी पसरली. पूर्वी आपण पोरांना समोरासमोर उभं करून, खांदे चाचपून जोड लावायचो; आता ते पुण्यात बसून फोटो बघून लावतात. कुस्ती बरोबरीत सोडवायची नाही, कारण प्रेक्षकांना निकाल हवा असतो. मी पंच होतो, म्हणजे छातीवर पाण्याच्या पंपाची जाहिरात लावून उभा होतो. कंपनीच्या चित्रीकरणाच्या व्हॅनवरचा लाल दिवा लागल्याशिवाय मी कुस्ती थांबवायची नाही, असा नियम.

प्रत्येक मल्लाला नवं नाव मिळालं. माझ्या बहिणीचा, द्रौपदाचा नवनाथ 'जुन्नरचा बिबट्या' झाला. (आमचा तालुका आंबेगाव, पण 'आंबेगावचा बिबट्या' पोस्टरवर बसेना. शिवाय बिबट्याच्या धास्तीने उसाला रात्रीचं पाणी देणं सोडलेला गावातला पहिला माणूस हाच.) ठिपक्याठिपक्यांचे कपडे घालून त्याला धुरातून रांगत यायला लावलं. गेणूची हलगी जुनाट वाटते म्हणून त्याला कुंपणाबाहेर बसवलं आणि डीजे आणला.

तुला सांगायला नको, आपल्याकडे कुस्ती चालते तोवर हलगी वाजते आणि पंचाने हात वर केला की थांबते. हलगी थांबली की हात सोडायचा, हे आपल्या पोरांच्या अंगात मुरलेलं आहे. नवनाथने समोरच्याची कंबर धरली होती, कुस्ती त्याचीच होती. तेवढ्यात जाहिरात लावायची म्हणून व्हॅनमधल्या माणसाने डीजेचं गाणं बंद केलं. नवनाथने लगेच हात सोडले आणि शहाण्यासारखं माझ्याकडे वळून पाहिलं. समोरचा मल्ल बाहेरचा, गादीवर आणि शिट्टीवर वाढलेला. त्याने मागून उचलून आपटला. त्याचा तरी काय दोष? नवनाथ मानेवर पडला. मी धावलो, तर गार्डने मलाच अडवलं, कारण दिवा लागला नव्हता. तोवर ते आपटणं मोठ्या पडद्यावर सावकाश करून पुन्हा पुन्हा दाखवत होते आणि द्रौपदा समोरच बसली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या लोकांचा मला अजून राग येतो.

मग कंपनीने चौकशी केली. कंपनीचीच समिती. खेळाडूने विनाकारण पकड सोडली, असं त्यात ठरलं. सल्लागार मंडळाने सोफ्यावर बसून माना डोलावल्या.

द्रौपदा मला एवढंच विचारते, "दादा, तू पंच व्हतास ना? मंग थांबवलं का न्हाई?" तिला त्या दिव्याचं कसं सांगू, तूच सांग.

भाभींना नमस्कार.

तुझा,
बाजीराव

ता. क. – नवनाथचे पाय हलत नाहीत. दवाखान्याचा खर्च कंपनी करते, पण मी त्यांचा टी-शर्ट घालतोय तोवरच. म्हणून पुढच्या वर्षीही पंच मीच. शिवाय नवे मल्ल शोधून आणायचं कामही आता माझ्याच गळ्यात मारलंय.

आणखी एक – माझा फोनही कंपनीचा आहे, म्हणून हे पत्र साळुबाईच्या भाजीच्या पाटीतून धाडतोय. वाचून फाडून टाक. रविवारी मी कंपनीच्या माणसाला घेऊन तुझ्याकडे येतोय, तुझ्या पोराला, अरहमला, त्यांचा मल्ल म्हणून मागायला. मी त्याचं तोंड भरून कौतुक करीन, तुझे पाय धरीन, आपल्या दोस्तीची शपथ घालीन. ऐकू नकोस. त्या माणसासमोर मला चार शिव्या दे आणि दारातून हाकलून लाव. चहासुद्धा विचारू नकोस. चहाला बसलो तर माझ्याच्याने पुढचं निभणार नाही.