कॉम्प्रेसरला घातलेला हार

२२ ऑक्टो. १९५८, अकोल्याजवळ, पुलाचं काम
दसरा. मुकादम (यापुढे मु., पूर्ण नाव लिहिण्याच्या लायकीचा नाही) सकाळीच आला. "कॉम्प्रेसर तुह्या हाती, पूजा तूच कर." म्हटलं, आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली, आता पूजा नाही. मशीन पुसलं, तेल पाहिलं. माझी पूजा तेवढीच. शेवटी महादेवने नारळ फोडला, हार घातला. माझ्या हवेवर तो रिबिटाची गन चालवतो. एका डब्यात जेवतो आम्ही.

२४ ऑक्टो.
हार काढायला गेलो, तर मु. ओरडला, "तू हात नोको लावू. आपोआप सुकन." बरं बाबा.

२७ ऑक्टो.
हवेच्या दाबाचा काटा शंभरावर ठरत नाही. दोन गन चालल्या की सत्तर, साठ. लाल तापलेलं रिबीट डोकं ठोकून बसायच्या आत थंड, काळं पडतं. पाइप तपासले, गळती नाही. पुलाच्या साहेबांनी रिबिटं हातोडीने ठोकून पाहिली. महादेवची रिबिटं सैल, सगळ्यांवर खडूच्या फुल्या, म्हणजे काढून पुन्हा मारायची. मु. चारचौघांत, "यानं पूजा नाई केली, मशीन रुसलं." कोणी हसलं नाही. क्षणभर मलाही वाटलं, रुसलं असेल का? त्या वाटण्याचाच राग जास्त आला.

२८ ऑक्टो.
मशीन हवा आत ओढतं त्या तोंडाची जाळी उघडली. झेंडूच्या सुक्या पाकळ्यांचा बोळा! साफ केलं, काटा शंभरावर. पाकळ्या मु.पुढे धरल्या. "देवाचा हार होता तो. तोंड सांभाळ." महादेवला म्हटलं, हार तू घातलास, तू तरी सांग. तो खाली मान घालून पाइप गुंडाळत बसला. दोन वर्षांची भाकर...

२९ ऑक्टो.
मला मशीनवरून काढलं. आता गिट्टी वाहतो. जागेवर मु.चा भाचा. त्याने आल्या आल्या उदबत्ती लावली. काटा शंभरावर, कारण जाळी मी धुतलेली. सगळे म्हणतात, पाहा!

२ नोव्हें.
संध्याकाळी महादेव खोलीवर आला. हातात नारळ.
"भाच्याची हवा वर-खाली होऊन राह्यली. काटा पाह्यतच नाई तो. एक नारळ फोड ना बे, मु. मशीन परत देतो म्हणते."
"पाकळ्यांचं सांगशील सगळ्यांना?"
"आता कायले उकरतं ते?"
नारळ ट्रंकेवर ठेवून गेला. चहा विचारला नाही मी.
आज दुपारीच गिट्टी टाकताना पाहिलं होतं, भाच्याने नवा हार घातलाय. ताजा, जाड, त्याच तोंडावर. महादेवला बोललो नाही. हार सुकला की पुन्हा त्याच्याच रिबिटांवर फुल्या पडतील. सकाळी त्याला सांगावं का?