साइट दुरुस्तीसाठी बंद आहे

४ मार्च, सकाळी

...बाइंडिंगची खळ गार व्हायला ठेवली होती. ह्यांचा शर्ट दोरीवर वाळत होता. मी डब्यातून शिवणीचा दोरा काढत होते आणि हे कॉम्प्युटरपुढे बसून कुणा परक्या माणसाला पुस्तकाची पाठ गोल कशी करायची ते लिहीत होते. चहा दोनदा गरम केला. दोन्ही वेळा "आलोच" म्हणाले. एवढीच ती सकाळ. आजच का आठवली कोण जाणे.

असो. आज कामाचा दिवस. ह्यांच्या बाइंडिंगच्या वेबसाइटवर दोनशे बारा टिपणं आहेत. लोक अजून ह्यांनाच शंका विचारतात आणि पाच महिने मी ह्यांच्या नावाने उत्तरं देते. हे बरं नाही. एक ओळ टाकायची, की हे गेले. त्यासाठी साइट रीतसर 'दुरुस्तीसाठी बंद' केली. पासवर्डही बदलला. चांगला अवघड केला आणि कागदाच्या पट्टीवर लिहून ठेवला. संध्याकाळपर्यंत उरकेल.

४ मार्च, संध्याकाळी

डॉक्टरीणबाईंचा शब्दकोश आधी बांधून दिला. त्यांच्या वडिलांचा आहे. पाठ अशी बसली की ह्यांनीही मान डोलावली असती. ओळ उद्या.

७ मार्च

पट्टी सापडत नाही. मुलीने उचलली असणार, तिला आवराआवरीची खोड आहे. फोन केला. म्हणाली, "आई, मी महिनाभर तुझ्याकडे फिरकलेसुद्धा नाही." तरी.

९ मार्च

'पासवर्ड विसरलात?' यावर क्लिक केलं. कोड ह्यांच्या मोबाइलवर जातो. तो नंबर मीच बंद करून टाकला, गेल्या महिन्यात, अर्ज देऊन. मी कामं अर्धवट ठेवत नाही.

१२ मार्च

कंपनीला फोन. माणूस गोड बोलतो. म्हणाला, "मालकांना फोन द्या." ते नाहीत म्हटलं. "मग कधी येतील?" तेव्हा नीट सांगितलं. मग "सॉरी काकू" म्हणून पुढचं सांगितलं. कागदपत्रं पाठवायची, तपासायला दोन महिने. आणि तीस दिवस बंद राहिलेली साइट आपोआप पुसली जाते. तेवढं थांबवा म्हटलं, तर ते मशीन करतं म्हणे.

म्हणजे ३ एप्रिलला ह्यांची सगळी टिपणं जाणार. पुष्कळ दिवस आहेत.

१८ मार्च

पासवर्ड आठवून टाकायचं ठरवलं. शाळा चौथीपर्यंत, पण ह्यांच्या टेबलावरचे सुटे फर्मे, म्हणजे बांधायला आलेली छापील पानं, वाचत वाचत मी वाचायला शिकले. कितीतरी कादंबऱ्या मला नुसत्या मधल्या माहीत आहेत. त्यामुळे स्मरणशक्ती दांडगी.

पाच वेळा चुकलं. खातं चोवीस तास लॉक.

२४ मार्च

जावई पट्टी शोधायला आला. कपाटामागे पाहिलं, कचरा उपसला. मग टेबलापाशी उभा राहून विचारलं, "आई, पुस्तकाच्या पाठीला आतून काय लावता?" म्हटलं, कागदाच्या पट्ट्या. "कसल्या पट्ट्या?" म्हटलं, हाताशी असतील त्या.

"त्या दिवशी कुठलं पुस्तक बांधलंत?" हसला नाही, शहाणा आहे. मी त्याला ठणकावून सांगितलं, शक्यच नाही. इतकी वेंधळी मी नाही.

२९ मार्च

शक्य आहे. पण ती पाठ मी उचकटणार नाही. माझ्या हातचं सगळ्यांत चांगलं काम आहे ते. दुसरा मार्ग निघेल.

१ एप्रिल

दुसरा मार्ग नाही.

२ एप्रिल

डॉक्टरीणबाईंकडे गेले. म्हटलं, पाठीत एक दोष राहिलाय. "दोष? अहो, मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतेय!" खरं सांगावं लागलं. हसून हसून त्यांनी खुर्चीचा हात धरला. मग थांबून विचारलं, "त्यांचं लिहिलेलं सगळं त्या साइटवरच आहे का हो?" हो म्हटलं. शब्दकोश माझ्या हातात दिला. "न्या. उचकटा."

ओल्या फडक्याने पाठ भिजवली, सुरीने उचलली. पट्टी तिथेच होती. पेन्सिलीचं अक्षर, म्हणून टिकलं. वळणदार आहे.

आत शिरले. टिपणं मोजली. दोनशे बारा. साइट उघडी केली आणि मुलीला फोन लावला. तिने पहिलंच विचारलं, "ओळ टाकलीस?" म्हटलं, आज डोळे दुखतात, शिवाय परत साइट बंद करावी लागेल, पुढच्या आठवड्यात बघू. ती म्हणाली, "आई, एक ओळ टाकायला साइट बंद करावीच लागत नाही. रोज उत्तरं लिहितेस ना? तसंच असतं ते."

मला माहीत नव्हतं, असं तिला सांगितलं.

३ एप्रिल

सकाळी ओळ टाकली. खाली माझं नाव घातलं. मग कोऱ्या पट्ट्या कापून शब्दकोशाची पाठ पुन्हा बसवायला घेतली.