चांदणीनं माफी मागितली न्हाई

अर्जुनराव,

नवऱ्याचं नाव आज पहिल्यांदाच लिहितेय.

चारा छावणी गुरांची, घोडीला कडबा न्हाई, असं चेअरमन म्हणून तुमीच सांगितलं. मग छावणीतल्या बायांनी आपल्या गाईंच्या पेंढीतनं मूठमूठ काढून गाभण चांदणीला जगवलं. ती व्याली, तर तुमी फोटोवाला घेऊन हजर!

मी म्हणलं, शिंगरू अन् त्याच्या आईच्या मधी उभं ऱ्हाऊ नका. तुमी ऱ्हायलात. लाथ बसली, फेटा शेणात पडला, सारी छावणी लई हसली.

आता निरोप धाडता, माफी माग. वीस वर्सं चुका तुमच्या, माफी माझी. चांदणी बघा, शिंगराला निवांत पाजतीय. तिनं मागितली न्हाई.

मीबी न्हाई मागणार.

चांदणीजवळच हाय,
शिवकन्या