नर्सबाईचा चकवा

आई, तू नदीत बुडून मेलेली नाहीस. हे तुला माहीत आहे, मलाही माहीत आहे. पण शहागडच्या खाली, जिथे बंधाऱ्यामुळे गोदावरी आता बारमाही तुंबलेली असते, तिथे मोटरबोट चालवणारा एक माणूस हुरडा खायला आलेल्या प्रत्येकाला उलटंच सांगतो. पांढरी साडी, हातात औषधांची बॅग, धुक्यात थाळी वाजवत फिरते म्हणे, आणि त्या आवाजामागे जाणारा गोल फिरून निघाला तिथेच येऊन लागतो. "इकडं जलपर्णी, तिकडं जुन्या घाटाच्या पायऱ्या, अन् मधात हा नर्सबाईचा चकवा," असं त्यानं मला तोंडावर सांगितलं, बसस्टँडवर गाड्यांची नावं पुकारावीत तसं. वाट चुकवून माणसाला गरगर फिरवणारं जे काही असतं त्याला आपल्याकडे चकवा म्हणतात. आता त्याला तुझी साडी नेसवली आहे. तू माझ्या जालन्याच्या घरी, धुतलेल्या चादरीवर, रक्तदाबाच्या गोळीवरून माझ्याशी भांडून गेलीस. "मी नर्स आहे, मला शिकवू नको," हे तुझं शेवटचं पूर्ण वाक्य. असं वाक्य बोलून गेलेल्या बाईला कोणी पाण्यावर भटकत ठेवतं का?

पण त्याच्यावर तरी किती चिडू. ही वावडी मुळात तूच उठवलीस. लोकांच्या अंगणात, सरकारी गणवेशात, माझा दंड धरून. ते का केलंस एवढंच मला विचारायचं आहे, आणि तू असताना तू त्याचं उत्तर दिलं नाहीस.

नाताळच्या सुट्टीत मी कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून घरी आलेले. घर म्हणजे उपकेंद्रामागच्या तुझ्या दोन खोल्या, स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया आणि डेटॉलचा वास, जो तुझ्या भाकरीलाही यायचा. मी तेव्हा शिष्ट होते. सिस्टर म्हणायच्या तसं बोलायचं, बसायचं, शिंकायचं. सकाळी धुकं एवढं की अंगणातला हातपंप दिसत नव्हता, आणि त्यातून तो माणूस आला, पलीकडच्या काठावरच्या गावाचा, गुडघ्यापर्यंत ओला. "बाई, जल्दी चला. घरची कळा देऊन राह्यली कालपासून." तू बॅग भरता भरता म्हणालीस, "कालपासून? मंग आज आठवण आली का माझी?" आधी गावातली सुईण बसवली होती, तिचे हात टेकल्यावर तुला बोलावणं. ते घर तुला पाणी द्यायचं ते गोठ्याच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात. मला तो कप ठाऊक होता आणि मी म्हणाले, जाऊ नको. तू म्हणालीस, "बॅग धर अन् चल."

नाव नव्हतीच. गुऱ्हाळात उसाचा रस उकळायची काहिल असते ना, ती अवाढव्य गोल कढई, तीच जुनी झाली की नदी ओलांडायला वापरायचे. तिच्यात आपण तिघं, पाय पोटाशी घेऊन. मला एक पांढरा मग दिला होता, झिरपलेलं पाणी उपसायला. गोल भांड्याला पुढचं-मागचं नसतं. वल्हवणारा जरा एका अंगानं जोर लावत राहिला की ते जागच्या जागी फिरतं. तो माणूस फळीनं वल्हवत होता, डावीकडून, फक्त डावीकडून, आणि त्याची नजर कुठेच ठरत नव्हती. मी हे पाहते आहे. मी पाणी उपसते आहे आणि पाहते आहे की मघाशी माझ्या उजव्या गालावर असलेला उजेड आता डाव्या गालावर आहे. पण काठ नाही, झाड नाही, पाणी आणि धुकं यांच्यात रेषसुद्धा नाही. आपला श्वास तेवढा ऐकू येतो. मग थाळी वाजते.

"ऐकू आलं का बाई? आमच्याकडून वाजवून राह्यले, वाट दाखवायला."

"तू सांगून आल्ता का तसं?"

"न्हाई. पण वाजवतीलच की."

आपण आवाजाकडे वळतो. तो समोर आहे, मग बाजूला, मग थेट माझ्या पाठीमागे, एकेक ठोका, सावकाश, कोणाला काही घाई नसल्यासारखा. तू बॅग मांडीवरून उचलून छातीशी धरलीस, एवढं आठवतं. काहिल चिखलाला घासली त्या क्षणी थाळी थांबली.

पुढचं गावाला तोंडपाठ झालं. तू काठावर पाय टाकलास, काहिलीचा काठ वर उचलला गेला आणि तू बसलीस ती सरळ गाळात, पांढऱ्या साडीसकट, बॅग मात्र डोक्यावर उंच धरून. तशीच उठलीस, दरड चढलीस आणि वर बाभळीच्या काडीनं दात घासत बसलेल्या माणसाला शासनाच्या आवाजात विचारलंस, "बाळंतिणीच्या घराची वाट कोणती?" तो गुऱ्हाळवाला होता, आपल्याच गावचा. "बाई, आत्ताच तर गेल्ता तुम्ही," तो म्हणाला. "वापस कामून आला? काही राह्यलं का?" आणि काडी गळून पडेपर्यंत हसला. मग त्यानं मागून येणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू थांबलं. दुसऱ्या खेपेला गुऱ्हाळवाल्यानं स्वतः वल्हवलं. एक हात इकडून, एक हात तिकडून. सरळ गेलो.

त्या घरात तू फार वेळ नव्हतीस. बाहेर आलीस तेव्हा हात कोपरापर्यंत धुतलेले होते आणि तुझ्याकडे बघून अंगणातल्या सगळ्यांना कळलं. मूल मघाशीच झालं होतं, ते जगलं. ती रक्त जाऊन गेली. सासू म्हणाली, "लई येळ लावला बाई तुम्ही." तो माणूस ओट्याला टेकून उभा. त्यानं एकच विचारलं, "माय, नदीवर थाळी कोन वाजवत होतं?" म्हातारी म्हणाली, "थाळी? पोरगी झाली. पोरीच्या पायी थाळी कोन वाजवतं?"

सगळे आपल्याकडे पाहत होते. आणि मी, सिस्टरांनी खरं बोलायला शिकवलेली, स्पष्ट आवाजात म्हणाले, "हे एकाच बाजूनं वल्हवत होते, म्हणून..." तेवढ्यात तू माझा दंड धरलास. "चकवा लागला," तू म्हणालीस. "नदीवर चकवा लागला आम्हाला." तो माणूस खाली बसला, जणू कोणी त्याच्या पायातली दोरी सोडली. माझ्या दंडावर तुझी चार बोटं उमटली होती. शाळा उघडल्यावर सिस्टरांनी विचारलं, तेव्हा मी दारात अडखळले असं सांगितलं.

मला राग कशाचा आला ते तुला कळलं नसेल असं नाही. धम्म घेतला तेव्हा आजोबांनी देव्हाऱ्यातले सगळे देव याच नदीत सोडले, मोकळा देव्हारा फोडून चुलीत घातला आणि सांगितलं, आजपासून या घरात भूतखेत नाही. तू ते ऐकत वाढलेली, सायन्स शिकलेली, इंजेक्शन देणारी बाई. आणि ज्या घरात तुला वेगळा कप होता त्या घरासमोर तू अडाण्यासारखं बोललीस. त्यांना तेच हवं होतं. महिनाभरात तू "चकव्याची बाई" झालीस. बाया पुन्हा सुईणीकडे जायला लागल्या. "नर्सबाई आली तर आली, न्हाई तर फिरत बसंल." वरिष्ठांनी तुला केबिनमध्ये बोलावून हसत हसत विचारलं म्हणे, बाई, रस्ता सापडला का? मग बदली झाली, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, जाफराबादला. त्या एसटीत मी तुला विचारलं, का म्हणालीस तसं? तू बाहेर बघत होतीस. म्हणालीस, "खिडकी लाव. गार वारं लागतंय."

पुढे माझं मी उत्तर तयार केलं. तू गेल्यानंतर केलं, कारण मेलेल्या माणसाबद्दल चांगलं उत्तर शोधणं सोपं असतं. तू त्या माणसाला वाचवलंस, असं मी ठरवलं. बायको मरत असताना आपणच आपल्या हातानं गोल फिरत होतो, हे घेऊन त्याला जगावं लागू नये म्हणून तू हसं ओढवून घेतलंस. हे उत्तर मला फार आवडलं. मुख्याध्यापिका असताना मी ते स्टाफरूममध्ये सांगायचे, आणि शिक्षिका डोळे पुसायच्या. थाळीचंही मी लावून टाकलं होतं. आपल्या काठाची दरड उंच, कोणीतरी कुठेतरी भांडं आपटलं असणार, आवाज दरडीवर आपटून परत येणार. साधं विज्ञान.

म्हणून या हिवाळ्यात भाचीनं मुक्कामाच्या हुरडा पार्टीला नेलं आणि त्या बोटवाल्यानं तुझं भूत मला तिकीट लावून दाखवलं, तेव्हा मी गप्प बसणार नव्हते. "आजी, लई लोकांनी ऐकलंय," तो म्हणाला. मी म्हणाले, "मी तुमची आजी नाही. ती नर्स माझी आई होती, आणि तुम्ही मूर्खासारखं बोलताय." तो चाळिशीचा धिप्पाड गडी, त्याचे कान लाल झाले. "मंग काय असंल मॅडम ते?" मी म्हणाले, दाखवते. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतंच. तो म्हणाला, धुकं उठू द्या. मी म्हणाले, धुक्यातच दाखवायचं आहे. पोहे खाल्लेली स्टीलची थाळी मी तशीच धुऊन बरोबर घेतली. भाची काठावरून ओरडत होती, "मावशी, निदान जॅकेट तरी नीट बांध."

मधोमध आल्यावर मी इंजिन बंद करायला लावलं. थाळी त्याच्या हातात दिली आणि सांगितलं, वाजवा, आता दरडीवरून परत येईल. त्यानं वाजवली. आवाज धुक्यात गेला आणि परत आला नाही. पुन्हा वाजवली. काही नाही. मग माझ्या लक्षात आलं की जिच्यावर मी एवढी वर्षं विसंबले होते ती दरड बंधाऱ्याच्या पाण्याखाली आहे. परत यायला तिथे काही उरलेलंच नाही. "झालं का मॅडम?" तो म्हणाला. मी थाळी मांडीवर घेतली आणि तिचा नाद थांबावा म्हणून तळवा पसरून तिच्यावर ठेवला.

तेव्हा थाळी वाजली. लांबून. एकेक ठोका, सावकाश. बोटवाल्यानं आवाजाच्या दिशेला पाहिलं नाही. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. माझा हात थाळीवर तसाच पसरलेला होता.

त्यानं घाईनं इंजिन सुरू केलं, खालच्या पंख्यात जलपर्णी गुंडाळली गेली आणि इंजिन घुसमटून बंद पडलं. मग एकच वल्हं, आणि आम्ही. आवाज समोर, मग बाजूला, मग माझ्या पाठीमागे. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. काठ लागल्यावर मी घसरले, चिखलात बसले, उठले आणि चुलीपाशी बसलेल्या बाईला विचारलं, "हे गाव कोणतं?" तिनंच मला सकाळी पोहे वाढले होते. ती तोंडाला पदर लावून हसायला लागली, भाची हसली, सगळे हसले. शेताचा मालक मात्र बोटवाल्यावर धावून आला. धुक्यात इंजिन बंद करायला कोणी सांगितलं, उद्यापासून येऊ नको. मी सरळ म्हणाले, इंजिन मीच बंद करायला लावलं, यांची काहीही चूक नाही. तेवढ्यानं मालक थंड झाला. सॉरी मॅडम म्हणाला. विषय संपला होता, कोणाला वाचवायचं राहिलं नव्हतं. आणि त्यानंतर, कोणी विचारलेलं नसताना, माझ्या तोंडून निघालं, "चकवा लागला आम्हाला."

भाची ते अजून सगळ्यांना सांगते आहे. मी तिला दुरुस्त केलेलं नाही, आणि तू मला ओळखतेस. मला आता माझं ते स्टाफरूममधलं उत्तर आठवलं की लाज वाटते. तू दया केलीस असं मी इतक्या खात्रीनं सांगत आले. तू फक्त काय झालं ते सांगितलं असशील, असं एकदाही मनात आलं नाही. हे पत्र कुठे पाठवणार? तुझ्या बदल्यांचे पत्ते पाठ आहेत मला. जाफराबाद, मग मंठा, मग जालना. पुढचा ठाऊक नाही, आणि तो बोटवाला जो पत्ता सांगतो तो मी पाकिटावर लिहिणार नाही.

एक राहिलं. आमची बोट गोल का फिरली ते सगळ्यांना वाटतं तसं नाही. बोटवाला चांगला वल्हवणारा होता, दोन्ही अंगांनी मारता आलं असतं त्याला. पण त्याचा एक हात मोकळा नव्हता. तो मी माझ्या मोकळ्या हातानं दंडापाशी धरला होता, थाळी वाजली तेव्हापासून, आणि काठ लागल्यावर त्याला दोनदा म्हणावं लागलं, "मॅडम, सोडा आता."