वाडगं डोक्यावर उलटं धरलं तेव्हा

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

मागचं पत्र शेजारच्या काकूंच्या अक्षरात बघून तू धसका घेतलास, असं ताईने कळवलं. माझं उजवं मनगट मोडलं होतं, ते तुझ्यापासून लपवलं. आता रागावू नकोस, प्लास्टर निघालंय.

काल काकूंनी सणासाठी मेरिंग करायला घेतलं. अंड्याचा पांढरा भाग साखर घालून फेटायचा आणि त्या फेसाच्या कळ्या ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवायच्या. त्यांचं फेटायचं मशीन नेमकं बंद पडलं. म्हटलं, द्या इकडे. अर्धा तास उजव्या हाताने फेटत होतो.

फेस घट्ट झाला का ते बघायला काकूंनी वाडगं माझ्याच डोक्यावर उलटं धरलं. म्हणाल्या, "फेस पडला तर हात अजून कच्चा. शिवणकामाला जायचं नाही." मी डोळे गच्च मिटून उभा. थेंबही पडला नाही. सोमवारी कात्री धरतोय.

उरलेल्या पिवळ्या बलकांचं ऑम्लेट संपता संपत नाहीये. बाबा पथ्य पाळतात ना?

तिरक्या ओळींसाठी तू लहानपणी माझा कान पिळायचीस. या पत्रातल्या ओळी नीट बघ. तिरक्या आहेत, म्हणजे माझ्याच आहेत.

तुझा,
धाकटा